विटकरी रंगाचे अठ्ठावीस दिवस

साखर तपासायची म्हणजे तेव्हा स्टोव्ह पेटवावा लागे. आता बोटाला सुई टोचली की यंत्र आकडा दाखवतं, आणि कौसल्याबाईंना दर वेळी वाटतं, हे फारच झटपट झालं. पूर्वी त्या कामाला पाव तास लागायचा. त्या पाव तासात त्यांचं आणि त्यांच्या सासऱ्यांचं जेवढं बोलणं झालं, तेवढं पुढे जन्मात कुणाशी झालं नाही.

अठ्ठावन्न साली त्या लग्न होऊन घोडपदेवच्या चाळीत आल्या. महाडकडच्या एका खेड्यातली सातवी पास झालेली मुलगी. सासरी एकच खोली, खोलीच्या कोपऱ्यात मोरी आणि बाहेर सगळ्यांची मिळून एक गॅलरी. नवरा जगदीश गोदीत कामाला होता. उरलेला वेळ संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभा, फेऱ्या आणि मोर्चे. सासूबाई राधाबाई, त्यांना ती आत्याबाई म्हणायची. आणि सासरे बुधाजी, त्यांना मामा. लालबागच्या एका गिरणीत सूतखात्यात पंचवीस वर्षं साच्यावर, म्हणजे सूत काढायच्या यंत्रावर उभे राहिलेले. उंच, सडपातळ, आवाज बारीक. लिहायला-वाचायला येत नव्हतं, पण सभेत ऐकलेलं भाषण घरी येऊन जसंच्या तसं सांगायचे.

त्यांना मधुमेह होता. ब्लडप्रेशरही होतं. साखरेसाठी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जायचे, ब्लडप्रेशरसाठी गिरणीच्या दवाखान्यात. दोन दुखणी, दोन डॉक्टर. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

कौसल्या आल्यावर पहिल्याच महिन्यात तिला त्यांच्याबरोबर हॉस्पिटलात जावं लागलं. तिथे लघवी तपासायच्या खोलीत जर्ट्रूडबाई होत्या. माझगावच्या ख्रिस्ती वाडीत राहणाऱ्या, पन्नाशीच्या, फुलाफुलांचा फ्रॉक आणि त्यावर पांढरा कोट घालणाऱ्या. चष्म्यावरून बघत त्या बुधाजींना म्हणाल्या, "महिन्यातनं एकदा बघून काय व्हायचा? रोज घरी बघायला पाहिजे. घरात शिकलेला कोण हाय?"

"ही सून हाय. सातवी झालीया," बुधाजी म्हणाले, आणि म्हटल्याबरोबर त्यांना पश्चात्ताप झाल्यासारखं वाटलं. कारण जर्ट्रूडबाईंनी लगेच कौसल्याला टेबलापाशी ओढलं.

"हे बघ गो पोरी. ह्या काचेच्या नळीत निळा औषध इथपर्यंत घ्यायचा. त्यात लघवीचे आठ थेंब. आठ म्हणजे आठ, नऊ नाय. मग उकळायचा. रंग निळाच राहिला तर देवाची कृपा. हिरवा झाला तर थोडी साखर. पिवळा झाला तर जास्त. आणि विटेसारखा लाल झाला, तर धावत माझ्याकडे यायचा. समजला?"

समजलं, पण नळी आणि औषधाची बाटली घेऊन घरी आल्यावर खरी पंचाईत झाली. सासऱ्याची लघवी सुनेने हातात घ्यायची, ही गोष्ट बुधाजींना मरणासारखी वाटली. चार दिवस ते काहीबाही कारण सांगत राहिले. पाचव्या दिवशी राधाबाई कडाडल्या, "मी हात लावणार न्हाय त्या काचेला, फुटली तर भाजंल. आणि तुमाला लाज वाटत आसंल तर गावाला जाऊन मरा!" दुसऱ्या दिवशी पहाटे मोरीच्या कठड्यावर पितळी फुलपात्र झाकून ठेवलेलं होतं आणि बुधाजी गॅलरीत, खोलीकडे पाठ करून उभे होते.

कौसल्याने स्टोव्ह पेटवला. चिमट्यात नळी धरली. निळं पाणी बुडबुडत उकळलं, हळूहळू गवतासारखं हिरवं झालं. तिने दारातून हळूच हाक मारली, "मामा, हिरवा."

ते पाठमोरेच म्हणाले, "बरा का वाईट?"

"बराय. थोडीच आहे."

"मग झालं तर," म्हणाले, आणि डबा घेऊन पाळीला निघून गेले.

महिन्याभरात लाज सरली. नळी निवेपर्यंत ते चहा घेत स्टोव्हजवळ बसू लागले, आणि एक दिवस त्यांनी कोटाच्या खिशातून आदल्या दिवशीचा पेपर काढून तिच्यापुढे ठेवला. समितीच्या कचेरीतून आणलेला, चार हातांतून फिरून मऊ पडलेला. "वाच जरा. मोठ्यानं." तेव्हापासून तो रिवाजच पडला. स्टोव्हचा आवाज, घासलेटाचा वास आणि कालच्या बातम्या. बेळगाव, कारवार, निपाणी ही गावं कौसल्याने कधी पाहिली नव्हती, पण त्यांची नावं तिला तोंडपाठ झाली. मधेच ते थांबवत. "हितं मी होतो," म्हणत. छप्पनच्या जानेवारीत गोळीबार झाला तेव्हा ते लालबागच्या नाक्यावर होते. शेजारचा माणूस पडला, त्याची टोपी यांच्या पायाशी आली. ती टोपी कुणाला द्यायची हे न कळून ते तीन तास हातात धरून बसले होते. हे त्यांनी राधाबाईंनाही सांगितलं नव्हतं.

त्याच वर्षीच्या डिसेंबरात, बाबासाहेब गेले तेव्हा, दादरच्या समुद्रावर लाखो लोकांत उभं राहून त्यांनी धम्माची दीक्षा घेतली होती. पाच शीलं पाठ केली होती. अर्थ कुणीतरी एकदा समजावून सांगितलेला, तो पक्का धरून ठेवला होता. दारू त्या दिवसापासून सुटली. आणि खोटं बोलणं सुटलं. खोटं सोडणं फार जड गेलं म्हणायचे. "गिरणीत मुकादमाला खोटं न सांगता ऱ्हाऊन बघ एक दिस, मंग कळंल."

जर्ट्रूडबाईंनी सांगितलं होतं म्हणून कौसल्या एका शाळेच्या वहीत रोज तारीख आणि रंग लिहायची. एकोणसाठचं वर्ष बहुतेक निळंच गेलं. आधी ते इन्शुलिनची सुई घ्यायचे, ती जाऊन गोळ्या आल्या होत्या आणि त्यांना त्या मानवल्या होत्या. त्रास होता तो ब्लडप्रेशरच्या गोळीचा. सर्पगंधेची होती. तिने नाक चोंदायचं आणि दुपारी साच्यासमोर उभ्या उभ्या डोळा लागायचा. फिरत्या चात्यांपुढे माणूस पेंगला तर बोटं जायची. म्हणून साठ सालच्या फेब्रुवारीत गिरणीच्या डॉक्टरांनी गोळी बदलली. नवीनच निघालेली, पांढरी, लघवी जास्त करवणारी. आठ दिवसांत पायांची सूज उतरली, झापड गेली. बुधाजी दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. राधाबाईंनी त्या डॉक्टरला तोंड भरून दुवा दिला.

मार्चच्या दोन तारखेला नळी हिरवी झाली.

एखाद दिवस होतं असं, म्हणून कौसल्याने मनावर घेतलं नाही. पण आठवड्याने पिवळा रंग आला, आणि सतरा तारखेला तिच्या डोळ्यांदेखत निळं पाणी हिरवं, पिवळं, नारिंगी होत होत विटेसारखं लाल होऊन तळाशी गाळ बसला. तिच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच दिवशी ती एकटीच हॉस्पिटलात गेली. जर्ट्रूडबाई सुट्टीवर होत्या. खिडकीवरच्या माणसाने कार्ड बघून विचारलं, "गोड खातात का?" ती म्हणाली, "नाही." तो हसला. "सगळ्यांच्या घरचे असंच सांगतात, बाई. लक्ष ठेवा."

लक्ष ठेवा. हे दोन शब्द घरात आले आणि घराचा नूरच बदलला.

त्या वर्षी गोडाला काही तोटाच नव्हता. मुंबईसह महाराष्ट्र मिळणार हे नक्की झालं होतं. आज कुणी बर्फी वाटतंय, उद्या कुणी साखर. नाक्यावरच्या हॉटेलात समितीवाल्यांना चहा फुकट. राधाबाईंनी डब्यातला गूळ ट्रंकेत घालून कुलूप लावलं. बुधाजी पाळीवरून आले की त्यांच्या कोटाचे खिसे चाचपू लागल्या. जगदीश एकदा जेवताना म्हणाला, "आबा, जिभेला आवर घाला जरा. आम्ही धावपळ करायची आणि तुम्ही..."

"काय मी?" बुधाजी म्हणाले. "मी काय बी खाल्लं न्हाय."

नव्या राज्याचं बिल दिल्लीत मांडलं गेल्याची बातमी आली, त्या संध्याकाळी राधाबाईंना कोटाच्या खिशात तेलकट कागद सापडला. त्याला पेढ्याचा चुरा चिकटलेला. त्यांनी तो सगळ्यांसमोर चटईवर टाकला.

"हे काय?"

"गेटावर वाटत होते," बुधाजी शांतपणे म्हणाले. "सगळ्यांस्नी दिला, मला बी दिला. मी रघुला देऊन टाकला. माज्या जोडीला हाय साच्यावर, त्याला विचारा. कागद खिशात ऱ्हायला."

"रघु तुमचाच माणूस, तो काय येगळं सांगणार!"

ते बायकोकडे बघतच नव्हते. ते कौसल्याकडे बघत होते. तिला कळलं, की मामा आपल्या बोलण्याची वाट बघतायत. आणि ती बोलली. कशी बोलली हे तिला पुढे कधीच नीट सांगता आलं नाही. रोज तो लाल रंग बघून बघून ती भेदरली होती. माहेरच्या गावातल्या एका माणसाचा पाय मधुमेहाने कापावा लागलेला तिने पाहिला होता. ती म्हणाली, "मामा, नळी खोटं नाही बोलत."

बुधाजी म्हणाले, "मंग मी बोलतो म्हन."

"मी तसं नाही..."

"पंचशील घेतलंय मी, कौसल्या. रोज म्हनतो तुज्यासमोर." इतकंच म्हणाले, ताट पुढे सारलं, हात धुतले आणि गॅलरीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी फुलपात्र जागेवर होतं. पण ते स्टोव्हजवळ बसले नाहीत. पेपर आणला नाही. चहा उभ्यानेच प्यायले. तिने "मामा, लालच आहे," म्हटलं तर मान हलवून निघून गेले. असं सात दिवस चाललं. कौसल्याला घास गोड लागेना. रंग लिहिताना पेन्सिल जड व्हायची. आपण चुकलो असं एक मन म्हणायचं. दुसरं म्हणायचं, मग हा रंग येतो कुठून?

एप्रिल लागला आणि बुधाजींच्या पायात गोळे यायला लागले. पोटऱ्या दगडासारख्या व्हायच्या. साच्यासमोर उभं राहवेना. अंगात त्राण नाही, घशाला सारखी कोरड, सारखं पाणी आणि सारखी मोरी. चार तारखेला त्यांनी पंचवीस वर्षांत पहिल्यांदा आजारपणाची रजा टाकली आणि खोलीत भिंतीला टेकून बसले.

त्या तीन दिवसांत कौसल्या त्यांच्या समोरून हलली नाही. पाणी भरायला गेली तरी दाराकडे तोंड करून उभी राही. त्यांना सगळं तिच्या हातचं: नाचणीची भाकरी, मेथी, बिनसाखरेचा चहा, तोही अर्धा कप. कुणी आलं नाही, गेलं नाही. पहिल्या दिवशी नळी लाल. दुसऱ्या दिवशी लाल. तिसऱ्या दिवशी तिने नळी उजेडात धरली, तळाशी तोच गाळ बघितला, स्टोव्ह विझवला, आणि तिथेच फतकल मारून रडायला लागली.

बुधाजींना वाटलं भाजलं. "काय झालं गो?"

"मामा, माझं चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही काहीच खाल्लं नाही. माझ्या डोळ्यांसमोर बसलात तीन दिवस. काहीच खाल्लं नाही तुम्ही."

त्यांनी हातानेच तिला जवळ सरकायला सांगितलं. "रडू नको. आता दोघं मिळून बघू. हे बघ, साच्यावर सूत तुटाया लागलं ना, की कच्चा मानूस सुताला शिव्या देतो. जुना मानूस विचारतो, काय बदललं? कापूस बदलला? पट्टा बदलला? का खिडकी उघडी ऱ्हायली? कायतरी बदलल्याबगर सूत तुटत न्हाय. तुजी ती वही आन. बघ कदीपासून तुटाया लागलंय."

वही आली. जानेवारी निळा. फेब्रुवारी निळा, निळा, एक दिवस हिरवट, तो गावाहून आलेल्या पाहुण्यांच्या लग्नाचा. दोन मार्च हिरवा. तिथून पुढे चढतच गेलेला.

"त्याच्या आधी काय बदललं?" बुधाजींनी विचारलं.

भाकरी तीच. साखरेची गोळी तीच. पाळी तीच. कौसल्या बोटांवर मोजत होती आणि बोलता बोलता थांबली. पांढरी गोळी. पंधरा फेब्रुवारीला, सोमवारी, मामा ती पहिल्यांदा घेऊन आले होते.

"पण ती तर ब्लडप्रेशरची आहे," ती म्हणाली. "तिचा साखरेशी काय संबंध?"

"मला काय ठावं. तूच म्हनालीस बदललं म्हनून."

राधाबाई मोरीपाशी भांडी घासत ऐकत होत्या. त्या उठल्या, ओल्या हाताने गोळ्यांची बाटली उचलली आणि गॅलरीकडे निघाल्या. "फेकून देते मुडदी!" कौसल्याने धावत जाऊन त्यांच्या हातातून बाटली घेतली. फेकून भागणार नव्हतं. डॉक्टरांना दाखवायला हवी होती.

सात तारखेला, गुरुवारी, ती आणि बुधाजी भायखळ्याहून ट्रामने परळला गेले. पोटरीला गोळा आला की ते ट्रामचा दांडा घट्ट धरून डोळे मिटायचे. जर्ट्रूडबाई या वेळी जागेवर होत्या. कौसल्याने काही सांगायच्या आत त्यांनी बुधाजींच्या चेहऱ्याकडे बघून खुर्ची पुढे केली. मग वही घेतली, चष्मा वर सरकवला आणि पान पान बघितलं. एका पानावर बोट ठेवून म्हणाल्या, "इथे वरती काय लिहिलाय?"

"नवीन गोळी. ते मी काल लिहिलं, आठवून."

जर्ट्रूडबाई उठल्या. "चल. बाटली घे. दोन्ही बाटल्या."

बाहेर पन्नास माणसांची रांग होती. जर्ट्रूडबाई रांगेकडे न बघता सरळ डॉक्टर सबनीसांच्या खोलीत शिरल्या. हेरंब सबनीस तेव्हा तिशीचेही नसतील. बारीक अंगाचे, बोलताना पेन्सिल फिरवायची सवय. त्यांनी आधी कार्ड बघितलं, मग वही, मग ती पांढरी गोळी. बाटलीवरचं नाव वाचल्यावर पेन्सिल थांबली.

"ही कुणी दिली?"

"गिरणीच्या डॉक्टरसायबांनी. प्रेशरसाठी," बुधाजी म्हणाले.

"मला का नाही सांगितलंत?"

"तुमी साखरेचे डॉक्टर ना?"

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "आणि त्यांना माहीत आहे, तुम्ही साखरेची गोळी घेता ते?"

"त्यांनी इचारलं न्हाय. त्ये प्रेशर बघतात."

"म्हणजे दोन डॉक्टर, आणि पेशंट एक," सबनीस स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाले. मग कौसल्याकडे वळले. "हे बघा, मी तुम्हाला शंभर टक्के नाही सांगू शकत. ही गोळी नवीन आहे. चांगली आहे, ब्लडप्रेशर खरंच उतरवते. पण हल्ली हल्ली परदेशातल्या मासिकात एक-दोन ठिकाणी आलंय की ज्यांना मधुमेह आहे त्यांची साखर हिच्याने वाढते. साखरेची गोळी खाली ओढते, ही वर ढकलते. आणि लघवीवाटे शरीरातले क्षारही नेते. पायात गोळे त्यानेच येत असतील. मी वाचलं होतं. माझ्या समोर आलेले तुम्ही पहिले."

कौसल्याने विचारलं, "मग त्यांनी गोड खाल्लं म्हणून नाही?"

"तीन दिवस तुमच्या समोर होते म्हणता ना? मग गोडाचा प्रश्नच नाही."

बुधाजी खाली मान घालून बसले होते. त्यांनी धोतराचं टोक डोळ्यांना लावलं. कौसल्या दुसरीकडे बघू लागली.

डॉक्टरांनी बजावलं ते तिला शब्दन् शब्द लक्षात राहिलं. आपल्या मनाने कुठलीही गोळी बंद करायची नाही, ही सुद्धा नाही. ब्लडप्रेशर एकदम उसळलं तर जीव जाईल. त्यांनी तिथेच बुधाजींचं ब्लडप्रेशर मोजलं आणि गिरणीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली. पांढरी गोळी उद्यापासून बंद. सर्पगंधेची जुनी गोळी परत, पण निम्मी आणि संध्याकाळी पाळीवरून आल्यावर. साखरेची आहे तशीच. मीठ कमी: पापड, लोणचं, सुके बोंबील बंद. आठवड्यातून दोनदा ब्लडप्रेशर मोजायचं आणि नळी रोज.

"सुके बोंबील बी?" बुधाजींनी विचारलं. त्या खोलीत आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज नेहमीसारखा झाला होता. जर्ट्रूडबाई खळखळून हसल्या. "माझा पण बाबा तोच बोलायचा!"

गिरणीचे डॉक्टर चिठ्ठी वाचून रागावतील अशी जगदीशला भीती होती. ते रागावले नाहीत. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, तीच गोळी दिलेल्या आणखी चार कामगारांची नावं कागदावर लिहून काढली आणि त्या चौघांना दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं. "मी विचारायला हवं होतं, बुधाजी," म्हणाले. बुधाजींना ते इतकं नवलाचं वाटलं, की घरी येऊन त्यांनी ते वाक्य तीनदा सांगितलं.

पण नळी काही लगेच ऐकेना. पहिले चार दिवस लालच. राधाबाई पुटपुटायला लागल्या. पाचव्या दिवशी गाळ कमी वाटला. चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, खाली पटांगणात बँड वाजत होता, निळे झेंडे लागले होते, आणि कौसल्याने नळी उजेडात धरली तर नारिंगी. लालच्या जागी नारिंगी. ती ते सांगायला गॅलरीत धावली. बुधाजी नवा सदरा घालून खाली उतरायच्या बेतात होते. त्यांनी नळी हातात घेऊन डोळ्यांजवळ धरली. म्हणाले, "उतरतंय गो." मग पिवळा, मग हिरवा. पायातले गोळे थांबले. चोवीस तारखेला, रविवारी, पाणी उकळलं, बुडबुडे आले, ते निवलं, आणि निळंच राहिलं. कौसल्याने खात्रीसाठी पुन्हा एकदा सगळं केलं. आठ थेंब, मोजून. निळंच.

राधाबाईंनी तोंडाने माफी कधी मागितली नाही. त्यांच्या पिढीत ती पद्धत नव्हती. पण त्या दिवशी त्यांनी ट्रंकेचं कुलूप काढलं, गुळाचा डबा फळीवर जागच्या जागी ठेवला, आणि नवऱ्याला पाट मांडून, आपण पंख्याने वारा घालत बसल्या. बुधाजी म्हणाले, "आता पुरे, हात दुखंल." त्या म्हणाल्या, "दुखू द्या."

डॉक्टर सबनीसांनी ती वही आठ दिवस ठेवून घेतली आणि तारखा, रंग उतरवून घेतले. परत देताना जर्ट्रूडबाईंनी तिला ब्राऊन पेपरचं कव्हर घालून दिलं होतं.

मे महिन्याची एक तारीख रविवारी आली. महाराष्ट्र राज्य झालं. जगदीश आदल्या दिवसापासून घरी नव्हता. संध्याकाळी बुधाजी सदरा-टोपी घालून म्हणाले, "कौसल्या, चल, दादरची रोषणाई बघून येऊ." सासरा आणि सून असे दोघंच कधी बाहेर गेले नव्हते. तिने राधाबाईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "जा. पन भाकऱ्या थापायला वेळेवर ये."

दादरला माणसांचा पूर लोटला होता. दुकानांवर दिव्यांच्या माळा, गुलाल, तुताऱ्या, अनोळखी माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. बुधाजी गर्दीतून लांब लांब टांगा टाकत चालले होते आणि कौसल्याला त्यांच्यामागे धावावं लागत होतं. शिवाजी पार्कच्या कठड्याला टेकून ते उभे राहिले. बराच वेळ दिवे बघत होते. मग तिच्याकडे न बघताच म्हणाले, "एक सांगू? मी बोचकं बांधलं होतं."

"कसलं बोचकं?"

"गावाला जानार होतो. रजा टाकली ना, ती त्याच्यासाठीच टाकली होती. दोन धोतरं, तांब्या. म्हनलं, ज्या घरात आपल्या बोलन्याला किंमत न्हाय तिथं कशाला ऱ्हायचं. गावाला बसून मरू. पन सकाळी उठलो तर पाय उचलंना. बसलो मंग भिंतीला."

कौसल्याला समोरचे दिवे पाण्यातून दिसावेत तसे दिसायला लागले. बाजूने कुणीतरी गुलाल उधळला, तो तिच्या केसांत आणि त्यांच्या टोपीवर पडला.

"गेलो असतो तर ती पांढरी गोळी बी संगं गेली असती," बुधाजी म्हणाले. "आन गावाला कोन नळी उकळनार होतं?"

"आता कधी जाऊ नका, मामा."

"आता कुठं जातोय? आता राज्य आपलं झालं," ते म्हणाले, आणि टोपी काढून गुलाल झटकला.

त्यानंतर ते नऊ वर्षं जगले. गिरणीतून निवृत्त झाले, दोन नाती त्यांनी अंगाखांद्यावर खेळवल्या. साखर कधी वर, कधी खाली, पण तो विटकरी रंग पुन्हा आला नाही. जर्ट्रूडबाई रिटायर होऊन मुलीकडे वसईला गेल्या. पुढे चाळ पडली, नळ्या कुठे गेल्या कुणास ठाऊक.

त्या संध्याकाळी मात्र दोघं ट्राम मिळेपर्यंत तिथेच उभी होती. ट्रामला फुलांच्या माळा घातल्या होत्या आणि आत उभं राहायला जागा नव्हती. कंडक्टरने बुधाजींच्या पांढऱ्या केसांकडे बघून एकाला उठवलं. ते बसले नाहीत. त्यांनी कौसल्याला बसवलं आणि भायखळ्यापर्यंत तिच्या शेजारी दांडा धरून उभे राहिले. ती दर स्टॉपला म्हणायची, "मामा, बसा ना." आणि ते म्हणायचे, "ऱ्हाऊ दे. आज पाय दुखत न्हाईत."